मैदानाचा हक्क

शाळेचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : मुलाला गुण किती पडले? गणितात किती, इंग्रजीत किती, शेजारच्या मुलापेक्षा अधिक की उणे? असे विचारणाऱ्या कित्येक आईबापांच्या आईबापांना अक्षरओळखही नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रश्नाचे मोल कळते आणि विचारणाऱ्याविषयी आदरच वाटतो. परंतु त्याच मुलाला दुसरा एक प्रश्न कोणी विचारीत नाही : वर्षभरात तू धावलास किती? जिना चढताना तुला धाप लागते काय? मुलीला असा प्रश्न विचारावा, हे तर कोणाच्या मनातही येत नाही. गुणपत्रिका जिवापाड जपणाऱ्या घरात मुलांची उंची आणि वजन लिहून ठेवलेली वही सहसा सापडत नाही. या दुर्लक्षाची किंमत आपला समाज आज मोजीत आहे आणि उद्या अधिक मोजील. म्हणून हा विषय आम्ही आज मुद्दाम हाती घेतला आहे.

हे दुर्लक्ष आळसातून आलेले नाही. त्याला इतिहास आहे. आपल्या पूर्वजांचा देह त्यांच्या मालकीचा नव्हता. मेलेली गुरे ओढावी, सरकारी कामदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहावे, गावकीचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री कोसच्या कोस धावत जावे, आणि त्याबद्दल शिळी भाकर पदरात घ्यावी, असा तो जन्म होता. धावणे त्यांना ठाऊक होते; पण ते दुसऱ्याच्या आज्ञेने धावणे होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, त्यांच्याबरोबर ती वतनी चाकरीही कायद्याने संपली. परंतु देहाच्या कष्टाविषयी मनात बसलेली अढी एका कायद्याने जात नाही. ज्या बापाने आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिली, त्याला आपल्या मुलाने घाम गाळू नये, पंख्याखाली खुर्चीवर बसावे, असे वाटले तर त्यात नवल काय?

तथापि वेठ आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेठीत देह दुसऱ्यासाठी झिजतो, आणि कधी थांबावे हे दुसरा ठरवितो. व्यायामात माणूस आपल्या इच्छेने, आपल्या मापाने, आपल्यासाठी देह घडवितो आणि थकला की थांबतो. ज्या समाजाचा देह पिढ्यान्‌पिढ्या परक्याच्या कामी आला, त्या समाजातील मुलाने संध्याकाळी तासभर केवळ आनंदासाठी धावावे, यात स्वातंत्र्याचा मोठा अर्थ भरला आहे. तो मुलगा त्या तासात कोणाचाही चाकर नसतो.

आपण ज्या धम्माचा स्वीकार केला आहे, त्यातही देहाचा तिरस्कार नाही. सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेच्या वनात उपासतापासाने शरीर अस्थिपंजर करून पाहिले आणि तो मार्ग व्यर्थ ठरवून सोडून दिला. सुजातेने दिलेली खीर घेऊन शरीरात बळ आल्यावरच पुढचे चिंतन घडले. चालण्याचे लाभ भिक्खूंना सांगताना तथागतांनी प्रवासाची शक्ती, निरोगी प्रकृती आणि अन्नाचे पचन यांचाही उल्लेख केला आहे. आणि अतिभोजनाने जड झालेल्या कोसलनरेश प्रसेनजिताला मिताहार शिकवून हलके केल्याची कथा प्रसिद्ध आहे. देहाला छळू नये आणि लाडावूही नये, हा मध्यममार्ग खेळाच्या मैदानाइतका दुसरीकडे क्वचितच शिकावयास मिळतो.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस तरी स्नायू व हाडे बळकट करणारा जोराचा व्यायाम त्यात असावा. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले इतकी हालचाल करीत नसल्याचे आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. म्हणजे दुखणे जगाचे आहे. मग आपण त्याची विशेष चिंता का करावी? कारण जगाच्या दुखण्यात आपले एक स्वतंत्र दुखणे मिसळले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची बालके यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना असे दिसले की, तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून पुष्कळच कमी होते; परंतु घटली होती ती मुख्यतः स्नायूंची वाढ, चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून होते. दिसावयास कृश आणि आतून चरबीयुक्त अशी ही शरीरे पुढे बसून राहिली आणि त्यांना पोटभर अन्न मिळू लागले, की मधुमेहाकडे लवकर झुकतात. ज्या कुटुंबांत आजीने उपास काढले, आईने अर्धपोटी राहून मूल वाढविले आणि मूल आता शहरात शिकून कचेरीत बसू लागले, त्या कुटुंबांनी हे नीट समजून घ्यावे. आपली असंख्य कुटुंबे नेमकी अशीच आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज केला आहे. रक्तातील साखर जाळणारी सर्वांत मोठी भट्टी म्हणजे आपले स्नायू. त्यांना काम दिले नाही, तर साखर रक्तातच राहते. हाडांचेही तसेच आहे. त्यांत भर घालावयाचा काळ बालपणापासून ऐन तारुण्यापर्यंतचा. त्या काळात न केलेली भर पन्नाशीत करता येत नाही.

येथे एक आक्षेप हटकून येतो. "खेळाने अभ्यास बुडतो," असे पालक म्हणतात आणि पुढे बाबासाहेबांचे उदाहरण देतात. त्यांनी दिवसाचे अठरा अठरा तास वाचन केले, ते काय मैदानावर जाऊन? या युक्तिवादाला उत्तर दिले पाहिजे. बाबासाहेबांनी ज्ञानासाठी देह झिजविला तो आपल्यासाठी. त्यांची प्रकृती अखेरच्या वर्षांत मधुमेहाने जर्जर झाली होती आणि वयाच्या ६५ व्या वर्षी, १९५६ मध्ये, ते आपल्यातून गेले. त्यांना आणखी दहा वर्षे निरोगी आयुष्य लाभते तर या देशाचे आणि धम्मचळवळीचे चित्र काय झाले असते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांच्या अभ्यासाचे अनुकरण जरूर करावे. त्यांच्या आजाराचे अनुकरण करण्याचे कारण नाही. शिवाय नियमित व्यायामाने मुलांचे लक्ष टिकते, झोप शांत लागते आणि मनावरचा ताण उतरतो, हे आता अभ्यासांती सिद्ध झाले आहे. पुस्तकापासून काढलेला तो एक तास पुस्तकालाच परत मिळतो. खरे पाहता मुलांचा वेळ मैदान खात नाही. तो खातो हातातला भ्रमणध्वनी. त्याचा हिशेब पालकांनी आधी घ्यावा.

दुसरा आक्षेप खेड्यातून येतो : "आमची पोरे आधीच राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला?" ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारे किंवा सुटीत वीटभट्टीवर खपणारे मूल थकलेले असते, हे आम्ही जाणतो. परंतु एकाच बाजूने वाकून केलेल्या कष्टाने पाठ वाकते, छाती रुंदावत नाही. अशा मुलाला प्रथम हवे आहे पोटभर अन्न आणि कामातून मुक्तता. १४ वर्षांखालील मुलाला कामाला लावणे हा, कुटुंबाला शाळेबाहेरच्या वेळात केलेली मदत व असे काही अपवाद वगळता, कायद्याने गुन्हा आहे. त्या मुलाला खेळावयास मिळणे ही चैन समजू नये. त्याचे हिरावलेले बालपण परत देण्याचा तो एक भाग आहे.

इतिहासाकडे पाहिले तर आपली माणसे मैदानावर कमी पडली म्हणून मागे राहिली, असे कोठेही दिसत नाही. पुण्यात लहुजी साळवे यांनी १९ व्या शतकात तालीम चालविली आणि तरुण जोतीराव फुले यांनी तेथे मर्दानी खेळांचे धडे घेतले. जोतीरावांना शिकविणारा हा वस्ताद मातंग होता. १८७६ मध्ये जन्मलेले पळवणकर बाळू हे चर्मकार कुटुंबातील. पुण्यात ते गोऱ्यांच्या क्रिकेट क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या चाकरीवर होते आणि तेथेच साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता श्रेष्ठ गोलंदाज झाले. गोऱ्यांना हरवावयाचे म्हणून सवर्ण हिंदूंनी त्यांना आपल्या संघात घेतले. पण चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. चेंडू एकच, आणि पेला वेगळा! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही पुष्कळ वादंगानंतर. पुढे राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूस गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेल. त्यामुळे मैदानावरील त्यांच्या कर्तृत्वाचा मान कमी होत नाही. या कथेवरून एवढे निश्चित होते की, गुणाला वाव मिळाला तर तो चमकतो. आणि वाव देणे न देणे ज्यांच्या हाती असते, ते सहसा आपण होऊन देत नाहीत. तो मागून, भांडून, कायद्याने घ्यावा लागतो.

म्हणून आता कायद्याकडे वळू. ६ ते १४ वर्षांच्या बालकांना सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेसाठी जी किमान मानके दिली आहेत, त्यांत खेळाचे मैदान आहे आणि प्रत्येक वर्गास आवश्यक ते खेळाचे साहित्य देण्याचेही कलम आहे. म्हणजे मैदान ही संस्थाचालकाची मेहेरबानी राहिलेली नाही. याच अधिनियमाखाली शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित गटांतील पालकांस प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्यापैकी किती पालक या समितीच्या सभेस जातात? शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या विषयाला दिला जातो, मैदानावर वाळूचे ढीग पडतात, चेंडू कपाटात कुलूपबंद राहतात. आणि समितीच्या नोंदवहीवर आपल्या सह्या मात्र असतात. सही करण्यापूर्वी प्रश्न विचारावा, एवढी साधी गोष्ट आम्ही सुचवितो.

शहरांतील परिस्थिती निराळी आहे. तेथे विकास आराखड्यात मैदानासाठी जागा राखून ठेवलेली असते. पण १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जागा संपादन झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतर २४ महिन्यांतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर ते आरक्षण संपुष्टात येते. कित्येक मैदाने अशी निमूटपणे कागदावरून नाहीशी होतात आणि वस्तीला ते कळते इमारतीचा पाया खणला जातो तेव्हा. आपल्या वस्तीभोवती कोणती जागा मैदानासाठी राखीव आहे, तिचे संपादन झाले काय, नोटीस आली आहे काय, हे माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून विचारता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली तेव्हा बंगलोरचे रहिवासी न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांचा तक्रारीचा हक्क मान्य करून ते वाटप बेकायदा ठरविले. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयीही त्याच न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांना आदेश दिले आहेत. हे निर्णय आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि जेथे मैदान आहे, पण आपल्या मुलांना तेथून हुसकावले जाते, तेथे काय? १९२७ साली महाडला प्रश्न पाण्याचा होता, तसाच सार्वजनिक जागेचाही होता. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्वसामान्यांसाठी असलेल्या सार्वजनिक जागांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास मनाई केली आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम अशा आडकाठीस शिक्षा देतो. "तुम्ही बौद्ध झालात, आता हे कायदे तुमचे नाहीत," असे कोणी म्हणाल्यास तो अज्ञानी आहे किंवा लबाड आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायम राखला आहे. परंतु आमचा सल्ला असा की, फिर्याद हे पहिले पाऊल नसावे. प्रथम मुलांना एकत्र घेऊन, वस्तीतील वडीलधाऱ्यांनी स्वतः बरोबर जाऊन, रोज ठरल्या वेळी मैदान वापरण्यास प्रारंभ करावा. न वापरलेला हक्क गंजतो.

नवदीक्षित कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते, ती स्पष्ट बोलली जात नाही. गावच्या तालमीत मारुतीची मूर्ती असते, स्पर्धेचा प्रारंभ नारळ फोडून होतो, शाळेत सूर्यनमस्कार मंत्रासह घेतले जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने मुलाला तेथे पाठवावे काय? आमचे मत असे की, पाठवावे. आणि काय करावयाचे व काय नाही, हे त्याला घरी शांतपणे समजावून द्यावे. जोर, बैठका, आसने हे देहाचे व्यायाम आहेत. त्यांवर कोणत्याही देवाची मालकी नाही. लाल मातीला आणि वस्तादाला मान देण्यात कमीपणा नाही. पूजेच्या वेळी मात्र आपल्या मुलाने आदराने बाजूस उभे राहावे आणि मंत्र म्हणू नये. शाळेने सक्ती केली तर संविधानाच्या अनुच्छेद २८ कडे बोट दाखवावे : राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत अज्ञान विद्यार्थ्यास त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. आपल्या श्रद्धेच्या रक्षणासाठी मुलाला मैदानापासूनच दूर ठेवणे म्हणजे दाराला वाळवी लागली म्हणून घर सोडण्यासारखे आहे. आणि दीर्घ मुदतीचा उपाय आपल्याच हाती आहे : विहाराच्या अंगणात आपली व्यायामशाळा असावी आणि तिचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना मोकळे असावे.

मुलींविषयी आम्ही अधिक आग्रहाने लिहितो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के आहे. घरात अंडे कोणाच्या ताटात पडते आणि उरलेली आमटी कोणाच्या, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मुलगी वयात आली की तिचे खेळणे बंद करण्याची चाल आपण ज्या समाजव्यवस्थेतून बाहेर पडलो तिचीच आहे. ती आपल्याबरोबर का यावी? साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर खो-खो खेळत मोठ्या झाल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीची अंतिम फेरी धावल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेली खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भारतीय महिलांनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली जिंकली. प्रत्येक मुलीने पदक आणावे, असे आमचे म्हणणे नाही. तिला धावावयास मिळावे, तिचे हिमोग्लोबिन तपासले जावे, शाळेतून आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी तिने जेवणानंतर घ्यावी आणि भावाच्या ताटात पडते तेच तिच्याही ताटात पडावे, एवढेच आम्ही मागतो. पाळीच्या दिवसांत खेळण्यास शास्त्राची मनाई नाही. तिची इच्छा हाच तेथे नियम.

विदर्भातील वाचकांस एक विशेष सूचना. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार तेथील आदिवासींत जसा, तसा आपल्या समाजातही बराच आढळतो. त्याची रक्ततपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू झाले आहे. मूल केवळ वाहक असेल तर ते सर्वसाधारणपणे खेळू शकते. मात्र व्यायाम हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर द्यावे आणि भर उन्हात, विशेषतः वैशाखातील दुपारी, दमेपर्यंत पळवू नये. प्रत्यक्ष विकार असलेल्या मुलाने किती व काय खेळावे, तसेच लोहाची गोळी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे. या मुलांना "कामचोर" म्हणून हिणविणारा शिक्षक किंवा बाप, दोघेही सारखेच दोषी. तपासणी लपविण्याची लाज धरू नये. आजार हा कोणाचाही अपराध नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करावे? खर्चाची सबब येथे चालणार नाही. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्यास लागते थोडी फक्की आणि दगड वेचलेली जमीन. खो-खोस दोन खांब पुरतात, दोरीवरच्या उड्यांस एक दोरी. वस्तीतील दोन तरुण आणि दोन तरुणींनी जबाबदारी घ्यावी. संध्याकाळी ठरल्या वेळी तासभर मुले जमवावी. पहिली १० मिनिटे सावकाश धावणे व अंग मोकळे करणे, मग अर्धा तास खेळ, मग जोर, बैठका, लोंबकळणे, आणि शेवटी ५ मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाची उंची, वजन आणि ४०० मीटर धावण्याची वेळ वहीत लिहावी. दुसऱ्याशी तुलना करू नये. ज्याने त्याने आपल्या मागच्या महिन्याशी करावी. लठ्ठ मूल, अशक्त मूल, चष्म्याचे मूल, अपंग मूल, यांना खेळातून वगळले तर तो सारा खटाटोप व्यर्थ आहे, असे आम्ही समजतो. जयंतीसाठी आपण वर्गणी काढतो, ध्वनिक्षेपक आणतो, मिरवणूक काढतो. त्या वर्गणीतला दहावा हिस्सा व्यायामशाळेस काढून ठेवावा. बाबासाहेबांची जयंती त्यामुळे उणी होणार नाही, वर्षभर चालू राहील.

काही धोके आधीच सांगून ठेवतो. शहरांतील तरुण आरशापुढे दंड फुगविण्यासाठी कोणाच्याही सांगण्यावरून भुकट्या आणि इंजेक्शने घेऊ लागले आहेत. ती काळीज आणि यकृत बिघडवितात. भाजलेले शेंगदाणे, भिजविलेले हरभरे, डाळ, अंडे आणि हिरवी भाजी यांत एका वाढत्या मुलाचे पुष्कळ काम भागते. तंबाखू, गुटखा आणि दारू यांस मैदानाच्या हद्दीत थारा नसावा. पाचव्या शीलाचे पालन करणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको. आणि व्यायामशाळा ही गुंडगिरीची किंवा परजातीच्या द्वेषाची पाठशाळा होता कामा नये. बळ कमवावे ते कोणाला भिवविण्यासाठी नव्हे, कोणाला भ्यावे लागू नये म्हणून.

काही वाचक नोकरीतील खेळाडूंच्या राखीव जागांचा आणि परीक्षेतील सवलतीच्या गुणांचा विचार करतील. ते लाभ मिळाले तर जरूर घ्यावे; पण त्यासाठीच मुलाला मैदानावर ढकलू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे दिले. असा एक खाशाबा निघण्यासाठी हजारो मुलांनी मातीत उतरावे लागते, आणि एक गुरुजी घर गहाण ठेवावयास तयार असावे लागतात. उरलेल्या हजारोंना पदक मिळत नाही. त्यांना निरोगी शरीर, हार पचविण्याची सवय आणि जन्मभराचे मित्र मिळतात. आमच्या मते हा व्यवहार तोट्याचा नाही.

आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनी शाळेचे दार उघडून घेतले. ते दार आपण पुन्हा बंद होऊ देणार नाही. त्याच शाळेच्या मागे एक मैदान आहे, ते आपल्या मुलामुलींची वाट पाहत आहे. या पंधरवड्यात प्रत्येक घराने दोन कामे करावी : मुलामुलींची उंची व वजन एका वहीत लिहावे, आणि शाळेच्या पुढील पालकसभेत उभे राहून विचारावे की, आमच्या मुलांच्या खेळाचा तास आठवड्यात किती वेळा होतो? उत्तर काय मिळाले, ते आम्हांस कळवावे. ज्या शाळा हा तास नेमाने घेतात, त्यांचे नाव आम्ही आनंदाने छापू. ज्या घेत नाहीत, त्यांच्या पालकांना पुढचे पाऊल कोणते टाकावे, हे सांगण्याची जबाबदारी आमची.